चौदा नंबरचे पाटे

"पाटा म्हणजे काय कार्यालयातली खुर्ची आहे, आलं कुणीही आणि उचलून नेली?" आई म्हणाली.

ती लसूण वाटत होती, आणि माझ्यासाठी हात थांबवावा असं तिला वाटत नव्हतं. आमच्या चिंचवडच्या घरात मागच्या खोलीत दोन पाटे होते. आई पाट्यावरची चटणी करून विकायची. मिक्सरची चटणी तिच्या मते आजाऱ्यांसाठी असते.

"एका रविवारपुरते दे. दोन्ही लागतील."

"दोन्ही?"

"जर्मनीहून एक बाई येतीये वाजवायला. तिनं काय काय हवं त्याची यादी पाठवलीये. चौदा नंबरला लिहिलंय, दगडी फरश्या दोन, प्रत्येकी वीस किलोच्या वर."

"मग शहाबादी घे की."

"घेतली. काल लावून बघितली. सुई उडतीये."

बाई जुन्या पद्धतीनं वाजवायची, रेकॉर्डवर. रेकॉर्डवर सुई असते, आणि समोर माणसाच्या उंचीचे स्पीकर असले की त्यांच्या दणक्यानं टेबल हलतं आणि सुई टुणकन उडी मारते. रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकडीखाली जड दगड असला की ती गप बसते. शहाबादी फरशी पातळ होती, ती स्वतःच गुणगुणायला लागली होती. आणि दुसऱ्या दिवशी रविवार, फरशीवाले सगळे बंद.

"सोमवारी सकाळी मला आठ किलोची ऑर्डर आहे," आई म्हणाली. "टवका उडाला तर?"

"नाही उडणार."

"तू सांगतोयस म्हणूनच भीती वाटते." तिनं वरवंटा दोनदा फिरवला. "तीन वर्षं त्या तुझ्या धडधडीपायी मला दुपारची झोप नाही, आता पाटे पण त्यालाच द्या. बरं, येतील पाटे. पण पाटे जिथं, तिथं मी."

मी बरं म्हणालो. माणूस अडला की कशालाही बरं म्हणतो.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीसचा होतो आणि डीजे होतो. डीजे म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत येते, त्याला माझा इलाज नाही. मी टेक्नो वाजवायचो. त्यात शब्द नाहीत, हिरो नाही, हिरॉइन नाही, नुसता ठोका आणि त्याच्या अंगाखांद्यावर खेळणारे चारदोन आवाज. माझे मामा एकदा दहा मिनिटं ऐकून म्हणाले होते, "छान आहे. गाणं कधी सुरू होणार?"

वाजवायची जागा म्हणजे भूगावच्या पुढचं श्रीवर्धिनी लॉन्स. मालक विक्रांत भोसेकर. वडिलांनी बांधलेलं मंगल कार्यालय त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि पौषात मुहूर्त नसतात म्हणून महिनाभर तिथं कावळेसुद्धा फिरकत नसत. विक्रांतला गोव्यात कुणीतरी टेक्नोचं वेड लावलं, आणि त्यानं पौषातल्या रविवारी पार्ट्या सुरू केल्या. दुपारी चार ते रात्री दहा. दहाला एक मिनिट कमी नाही, जास्त नाही, कारण चौकी पलीकडच्याच वळणावर होती. स्टेज तेच, जिथं नवरानवरी बसतात. पाहुण्या डीजेला उतरायला वधूपक्षाची खोली, आम्हाला वरपक्षाची.

आम्ही म्हणजे मी आणि इरफान मुजावर. आम्ही तिथले रेसिडेंट, म्हणजे घरचे. पाहुणा येतो, वाजवतो, फोटो काढून जातो. घरचे दर वेळी असतात आणि पाहुण्याच्या आधी वाजवतात. त्याला वॉर्म-अप म्हणतात, आणि त्याचा एकच नियम आहे: लोकांना तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. ठोका हळू ठेवायचा, आवाज खाली ठेवायचा, आणि आपल्याकडची जी सगळ्यात जबरदस्त रेकॉर्ड असेल, जिला आम्ही बॉम्ब म्हणतो, तिला हात लावायचा नाही. लोक भुकेले झाले पाहिजेत. जेवण पाहुणा वाढणार.

तीन वर्षं मी लोकांना भूक लावत होतो आणि माझ्या डोळ्यासमोर दुसरे वाढत होते. मला त्याचा कंटाळा आला होता असं नाही, मला त्याचा राग यायचा.

आणि त्याच गुरुवारी विक्रांत म्हणाला होता, "धना, हा रविवार गाजव. मुहूर्त नसलेले सगळे रविवार तुझे. शेवटचा स्लॉट तुझा, पोस्टरवर नाव मोठं." मी तीन रात्री झोपलो नाही. माझं नाव धनंजय शेवाळे, पण पोस्टरवर नुसतं धना. आईनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली होती, "नुसता धना कशाला, जिरं पण लिही."

रविवारी टेम्पोत दोन पाटे गोधडीत गुंडाळून, मध्ये आई बसून, आम्ही दोन वाजता लॉनवर पोचलो. तिनं वरवंटे पण आणले होते. पाट्याला एकटं पाठवत नाहीत, म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर स्पंज, स्पंजवर पाटा, पाट्यावर तबकडी. एक पाटा दुसऱ्यापेक्षा बोटभर बुटका निघाला. विक्रांतनं ऑफिसातून कुणाच्या तरी उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, आणि चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक यांच्या चाळीसेक पत्रिका खाली सरकवल्यावर दोन्ही पाटे एका पातळीत आले. मी सुई ठेवली, आवाज पूर्ण सोडला. सुई जागची हलली नाही.

"पाय लावू नका कुणी," आई म्हणाली, आणि बसायला जागा शोधायला लागली. स्टेजवर मागं सरकवून ठेवलेल्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या होत्या, सोनेरी हातांच्या. आई नवरीच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, वरवंट्यांची पिशवी नवऱ्याच्या खुर्चीवर.

मी घरून निघताना एक शहाणपणा केला होता तो इथंच सांगतो. एरवी मी पेन ड्राइव्हवरनं वाजवायचो. त्यात चार हजार गाणी. पण इंगाबाई, म्हणजे ती पाहुणी, रेकॉर्डवर वाजवणार, तिच्यासमोर पेन ड्राइव्ह काढायचा म्हणजे सुगरणीसमोर पाकीट फोडण्यासारखं. म्हणून मी पेन ड्राइव्ह मुद्दाम घरी ठेवला आणि माझ्या सगळ्या मिळून तीस रेकॉर्ड पिशवीत घातल्या. आठ हळू वाजणाऱ्या, सुरुवातीसाठी. बाकी बऱ्यापैकी चालत्या. आणि एक लाल टिकली लावलेली, माझा बॉम्ब.

इंगाबाई साडेपाचला आली. पन्नाशीची, आईच्याच वयाची, केस पांढरे आणि बारीक कापलेले. आधी टेबलापाशी गेली. पाट्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, मग हात नाकाशी नेला.

"लसूण?" तिनं विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीतच चाललं होतं.

"माझ्या आईचे दगड आहेत."

तिनं मागं बघितलं. आईनं नवरीच्या खुर्चीतून मान हलवली, बाईनं वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाली, "सहा ते आठ तू ना? सावकाश घे. मला जिन्यानं चढायला आवडतं, लिफ्टनं नाही." आणि वधूपक्षाच्या खोलीत जाऊन आडवी झाली.

चार ते सहा इरफान वाजवत होता. पोरं गवतावर बसली होती, कुणी पाय हलवत होतं, कुणी पावभाजीच्या रांगेत. त्याचं अगदी नीट चाललं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही असं नाही, मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

सहाला मी पहिली हळू रेकॉर्ड हातात घेतली.

"तू पण असंच करणार का?" मागून आई.

"असंच म्हणजे?"

"एवढा मांडव घातलाय, लोक बसलेत, लग्न काही लागत नाही."

तेवढ्यात विक्रांत खालून हातवारे करायला लागला. उठव, उठव. त्याचे कुणी मित्र आले होते, त्यांना दाखवायचं होतं. मी हातातली रेकॉर्ड पिशवीत परत टाकली. लोकांना मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो की आई बोलली आणि मालकानं खुणावलं म्हणून. खोटं आहे. मी ती सबब तीन वर्षं शोधत होतो.

मी थेट मधूनच सुरुवात केली. पाच मिनिटांत गवतावरचे उठले. वीस मिनिटांत पावभाजीची रांग मोडली. पुढं पुढं येत लोक स्टेजला टेकले, तीनशे माणसं, आणि मी हात फिरवला की तीनशे माणसं तशी फिरत होती. तुम्हाला काय सांगू, इतका आनंद मला पुढं कशानं झाला नाही. लग्नात पण नाही, आणि हे बायकोला माहीत आहे.

सव्वासातला इरफान वर आला. "धन्या, बास कर."

"लोक बघ."

"लोकच बघतोय. आठला त्या बाईनं काय वाजवायचं?"

"ती जर्मन आहे. तिचं ती बघेल."

साडेसातला मी लाल टिकली लावली. ते पुढचं मी वर्णन करत नाही, करायला गेलो तर बढाई वाटेल. एका पोरानं आनंदानं स्वतःचाच बूट वर फेकला आणि तो मांडवाच्या झालरीत अडकला, तो पुढं लग्नसराईपर्यंत तिथंच होता. आई म्हणाली, "आता लागलं लग्न."

आठला इंगाबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खाली लोक घामानं निथळत होते, वाकून गुडघे धरून उभे होते, पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत होते. त्यांची जेवणं झाली होती. त्यातले निम्मे आता पान खायला निघणार हे मलासुद्धा दिसत होतं.

ती रागावली नाही. तिनं माझी पिशवी पुढं ओढली आणि बोटांनी एकेक रेकॉर्ड चाळली.

"ह्या आठ वाजवल्या नाहीस."

"नाही."

"मग असं करू. आता मी आधी वाजवते. नऊ ते दहा तू."

विक्रांत धावत वर आला, लोक बाईसाठी आलेत वगैरे म्हणाला. बाई म्हणाली, "मी वाजवतीये ना एक तास. एक तास मला ऐकायचंय." पाहुणीला पौषात कोण दुखवणार? तो माझ्याकडे बघत खाली उतरला.

आणि मी काय केलं असेल? मी खूश झालो. शेवटचा तास, इंगाबाईच्या नंतर. मी आईपाशी गेलो. "आई, शेवटचा तास मला दिला तिनं. तिच्यानंतर मी."

"बरं झालं," आई म्हणाली. "काय वाजवणार?"

तेव्हा माझा हात पिशवीत गेला. लाल टिकली वाजवून झाली होती. चालत्या सगळ्या वाजवून झाल्या होत्या. एका संध्याकाळी एक रेकॉर्ड दोनदा वाजवत नाहीत, ते उष्टं वाढणं झालं. उरल्या होत्या त्या आठ. पेन ड्राइव्ह चिंचवडला, घराला कुलूप, किल्ली आईच्या पर्समध्ये, आणि रविवारी संध्याकाळी भूगाव ते चिंचवड जाऊन येऊन अडीच तास. मी आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे पंगत बसणार आणि पातेलं रिकामं," आई म्हणाली. "पहिल्याच वाढपात जिलेबी संपवलीस."

"तूच म्हणालीस ना, लोक बसलेत."

"मी चटणीवाली बाई. मला काय विचारतोस? वाजवणारा तू."

तिकडे इंगाबाईनं सुरुवात केली ती इतकी हळू की पन्नासेक लोकांना वाटलं वीज गेली. लोक पांगले, पावभाजीकडे गेले, गवतावर पडले. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक पायरी, मग एक पायरी. कधी मान हलायला लागली, कधी माणसं उठली, कळलं नाही. नऊला दहा मिनिटं असताना तीनशे लोक परत उभे होते, आणि प्रत्येकाच्या टाचा उचललेल्या होत्या. आता तो मोठा ठोका पडेल, आता पडेल असं वाटत होतं, आणि तिनं काही पडू दिला नाही. एवढा भुकेला मांडव मी कधी बघितला नाही. तो सगळा तिनं माझ्यासाठी तयार करून ठेवला होता.

इरफान माझ्या शेजारी आला आणि मूठ उघडली. मुठीत त्याचा पेन ड्राइव्ह. "घे. पाचव्या फोल्डरमध्ये सगळे बॉम्ब आहेत. कुणाला कळणार नाही."

मी पेन ड्राइव्हकडे बघितलं. खरंच कुणाला कळलं नसतं. बाईला कळलं असतं, पण ती परवा लाइपझिगला जाणार. सगळे रविवार, मोठं नाव, सगळं त्या अंगठ्याएवढ्या वस्तूत होतं. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाटे जागेवर आहेत का ते बघत होती.

"नको," मी म्हणालो. "ते तुझं आहे."

"गाढव आहेस," इरफान म्हणाला.

नऊला बाई बाजूला झाली आणि मी पहिली हळू रेकॉर्ड लावली.

पहिली दोन मिनिटं लोकांना वाटलं हा पण टांगून ठेवतोय, आता पडेल. पाचव्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "अंगाई म्हण आता." लोक हसले. दुसऱ्या रेकॉर्डला शंभर गेले. तिसरीला पार्किंगमधल्या बाइक सुरू होण्याचे आवाज माझ्या ठोक्यांच्या मधून ऐकू यायला लागले. विक्रांत फाटकापाशी उभा होता, मुलीचं लग्न मोडल्यासारखा. मला रडू येत होतं, म्हणून मी समोर बघायचं सोडलं आणि रेकॉर्ड बघायला लागलो. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. एक संपत आली की दुसरी तिच्यात मिसळायची, घाई न करता. ह्याच आठ मी तीन वर्षं पेन ड्राइव्हवरनं सुरुवातीला उरकायच्या म्हणून उरकत आलो होतो. त्यांच्यात काय काय आहे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पावणेदहाला समोर एकोणीस माणसं होती. मी मोजली. त्यात इरफान होता. इंगाबाई चप्पल काढून गवतात उभी होती, डोळे मिटून, जागच्या जागी डुलत. मी मागं वळून बघितलं तर आई नवरीच्या खुर्चीत मान टाकून गाढ झोपली होती. तोंड उघडं, पर्स घसरलेली.

म्हटलं, झालं. घरची प्रेक्षक पण गेली.

बरोबर दहाला हवालदार फाटकात आले. मी आवाज शून्यावर आणला. बाईनं परत पाट्यावर हात ठेवला, मग माझ्या खांद्यावर ठेवला, आणि गेली. माझ्या शर्टाला लसणाचा वास आला.

टेम्पोत आई म्हणाली, "शेवटी काय वाजवलंस मला माहीत नाही बाई. डोळा लागला." मी गोधडी उलगडून पाटे तपासले. पाट्यांचा टवका उडाला नव्हता, तिची आठ किलोची ऑर्डर वेळेवर गेली.

विक्रांतनं सगळे रविवार इरफानला दिले, आणि बरोबर केलं. इरफानचं नाव आता तुम्हाला पोस्टरवर मोठं दिसतं. मी दोन महिने रेकॉर्डला हात लावला नाही, स्कूटरवरनं चटण्या पोचवल्या. मग इरफानचाच फोन आला. "माझ्या आधी वाजवायला कुणी नीट माणूस नाही रे. सगळे लिफ्टवाले आहेत." मी जायला लागलो.

पुढच्या पौषात इंगाबाई परत येणार ठरलं. तिची यादी विक्रांतनं मला पाठवली. चौदा नंबरला होतं: दगड दोन, गेल्या वेळचेच, धुऊ नयेत. पंधरा नंबर नवीन होता: माझ्या आधी धना, पिशवीत फक्त त्या आठ.

मी ते चार वेळा वाचलं. मग मागच्या खोलीत गेलो. आई वाटत होती.

"ती बाई येतीये परत. पाटे हवेत."

"मोठं नाव तिचंच?"

"तिचंच. मी आधी."

"आणि काय वाजवायला सांगितलंय?"

"गेल्या वेळी शेवटी वाजवलेल्या त्या आठ. तेवढ्याच."

आईचा हात थांबला. वाटताना तिचा हात थांबलेला मी तोपर्यंत बघितला नव्हता.

"त्याच का, मला डोळा लागला तेव्हा चालल्या होत्या त्या?"

"हो."

"चार वर्षांत तेवढीच एक झोप," ती म्हणाली, आणि पुन्हा वाटायला लागली. "येतील पाटे. आणि ती नवरीची खुर्ची पाठीला लागते. या वेळी मी उशी घेऊन येईन."